मोटारीच्या बाजारात ‘आप्त’ कोण?

दसरा, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे मुहूर्त आता केवळ सोनेखरेदीचे राहिलेले नाहीत. मोटारविक्रेत्यांच्या शोरूमपुढे त्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग लागते. नारळ वाढवला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, पेढे वाटले जातात. घराखालोखाल मध्यमवर्गीयाच्या आयुष्यातील ही सर्वांत मोठी खरेदी. तिचे हप्ते पाच-सात वर्षे फेडायचे असतात. साहजिकच त्याआधी महिना-दोन महिने घरात जणू परीक्षेचा अभ्यास चालतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, वाहनविषयक मासिके, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आणि अलीकडे यूट्यूबवरील परीक्षणे धुंडाळली जातात. तज्ज्ञाने पाचपैकी किती तारे दिले, कोणत्या गाडीला ‘वर्षातील सर्वोत्तम’ ठरवले, यावर कुटुंबाचे मत बनत जाते. अशा वेळी एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हा तज्ज्ञ जे सांगतो ते त्याला कसे कळले, आणि ते सांगण्यासाठी त्याचा खर्च कोणी केला?

भारतीय परंपरेने या प्रश्नाच्या मुळाशी फार पूर्वी हात घातला आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुसऱ्याचा शब्द प्रमाण मानायचा तो आप्ताचा. आप्त कोण, याचेही निकष आहेत. ज्याने वस्तू स्वतः यथार्थ जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. म्हणजे अटी दोन. एक जाणकारीची, दुसरी हेतूच्या शुद्धतेची. मराठीत हाच शब्द नातेवाइकासाठी रूढ झाला. गाडी घेणारा माणूस या दोन्ही प्रकारच्या आप्तांकडे जातो. मामा किंवा मेहुणा आपल्या गाडीविषयी सांगतो, तेव्हा हेतू शुद्ध असतो, पण जाण एकाच गाडीपुरती असते. व्यावसायिक परीक्षकाने शेकडो गाड्या चालवलेल्या असतात. त्याची जाण मोठी असते यात शंका नाही. परंतु जी गाडी ग्राहक घेणार आहे तीच त्याने यथार्थ जाणलेली असते काय, आणि जाणले तसे सांगण्यास तो मोकळा असतो काय, हे तपासले पाहिजे.

पर्याय आले, परीक्षक आले

या परीक्षकाची गरज निर्माण होण्यास फार काळ लोटलेला नाही. परवानाराजाच्या दिवसांत ग्राहकापुढे अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी एवढेच मुख्य पर्याय होते. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्याला कोणती गाडी चांगली हे सांगण्यात अर्थ नव्हता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र बदलू लागले. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवान्याच्या जोखडातून मुक्त झाला आणि त्यानंतर दहा वर्षांत जगभरातील कंपन्यांनी भारतात दुकाने थाटली. १९९८-९९ च्या सुमारास वाहनविषयक इंग्रजी मासिकांची नवी पिढी उभी राहिली. ब्रेक, सस्पेन्शन, टॉर्क ही भाषा त्यांनी सामान्य वाचकाच्या घरात आणली. हे त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

पण ज्या बाजाराने हा परीक्षक जन्माला घातला, त्याच बाजारावर तो पोसला गेला. मासिकाच्या विक्रीच्या पैशांतून छपाईचा खर्चही भागत नाही. उत्पन्न येते ते जाहिरातींतून, आणि वाहनविषयक मासिकाचा सर्वांत मोठा जाहिरातदार अर्थातच मोटार कंपनी. ज्याच्या वस्तूचे गुणदोष सांगायचे, त्याच्याच पैशावर प्रकाशन चालते, ही या व्यवसायाची मूळ अडचण आहे. एखाद्या परीक्षकाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची त्यासाठी गरज नाही. दोष रचनेतच आहे.

कंपनीची गाडी, कंपनीचा रस्ता

नव्या गाडीचे परीक्षण कसे होते, हे ग्राहकाने समजून घ्यायला हवे. गाडी बाजारात येण्यापूर्वी कंपनी निवडक परीक्षकांना गोवा, उदयपूर अशा एखाद्या रम्य ठिकाणी बोलावते. विमानाचे तिकीट, तारांकित हॉटेल आणि भोजन हा सारा खर्च बहुधा कंपनीचा असतो. चालवायला मिळते ती सर्वांत महागडी आवृत्ती, तीही तपासून-सजवून ठेवलेली. रस्ता कंपनीने ठरवलेला आणि वेळ अर्धा किंवा फार तर एक दिवस. परीक्षण अमुक तारखेला अमुक वाजण्यापूर्वी प्रसिद्ध करायचे नाही, अशी अटही असते. म्हणूनच सारी परीक्षणे एकाच दिवशी, एकाच घटकेला अवतरतात. त्यात जो मागे राहिला त्याला वाचक मिळत नाही. पुढे आठवडाभरासाठी गाडी मिळते, पण तीही कंपनीच्याच ताफ्यातील असते. जो फार कठोर लिहितो त्याला पुढच्या वेळी निमंत्रण येईलच याची शाश्वती नसते. ‘असे लिही’ म्हणून कोणी दटावण्याची गरज उरत नाही. परीक्षक शब्द आपणच बोथट करून घेतो. ‘ब्रेक कमकुवत आहेत’ याऐवजी ‘ब्रेक थोडे अधिक धारदार असते तर आवडले असते’ असे वाक्य त्यातून जन्माला येते.

नाट्यपरीक्षणाशी तुलना केली म्हणजे यातील वेगळेपण ध्यानात येते. नाट्यपरीक्षक फुकट पासावर जरी गेला, तरी प्रेक्षक पाहतो तोच प्रयोग तो त्याच नाट्यगृहात पाहतो. मोटारीच्या परीक्षकाला मिळते ती गाडी आणि ग्राहकाच्या दारात येते ती गाडी यांत मात्र अंतर असते. परीक्षकाच्या गाडीत सहा एअरबॅग असतात, ग्राहक आपल्या ऐपतीनुसार खालची आवृत्ती घेतो. शिवाय नाटक फसले तर एक संध्याकाळ वाया जाते. गाडी फसली तर पाच वर्षांची मिळकत आणि कधीकधी त्याहून मोलाचे काही जाते.

परीक्षकाला एका दिवसात जे कळत नाही, त्याची यादीही लहान नाही. चाळीस हजार किलोमीटरनंतर क्लचचे काय होते, कोकणच्या पावसात पत्रा किती वर्षांत गंजतो, तालुक्याच्या गावी सुटा भाग किती दिवसांनी आणि कोणत्या भावाने मिळतो, हे गोव्यातील एका सकाळी कळू शकत नाही. सुट्या भागांचा प्रश्न किरकोळ नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देता ग्राहकाला बांधून ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागण्यास गेल्या, पण प्रश्न ऐरणीवर आला तो एका ग्राहकाच्या तक्रारीमुळे. तीच गोष्ट कंपनीच्या भवितव्याची. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, डॅटसनचे नाव २०२२ मध्ये भारतातून गेले. त्या कंपन्यांच्या गाड्यांनाही एकेकाळी भरघोस तारे मिळाले होते. पुनर्विक्रीची किंमत कोसळली तेव्हा ते तारे कामास आले नाहीत.

लिटरमागे किती किलोमीटर, हा तर मध्यमवर्गीयाचा जिव्हाळ्याचा प्रश्न. जाहिरातींत वर्षानुवर्षे झळकत आलेला आकडा प्रयोगशाळेतील रुळांवर गाडी चालवून, वातानुकूलन बंद ठेवून, ताशी ९० किलोमीटरच्या कमाल मर्यादेत मोजलेला असे. पुण्याच्या गर्दीत किंवा कसारा घाटात तो प्रत्यक्षात येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांना आपले आकडे फुगवलेले असल्याचे मान्य करून लक्षावधी गाडीमालकांना भरपाई द्यावी लागली. तेथील पर्यावरण संरक्षण यंत्रणेने चौकशी हाती घेतली ती गाडीमालकांच्या तक्रारी येऊ लागल्यावर.

पुरस्कार पाच तारांचे, सुरक्षा शून्य

या साऱ्याहून गंभीर विषय जिवाचा आहे, आणि तेथेच परीक्षकांची मर्यादा सर्वांत ठळकपणे उघडी पडली. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या प्राथमिक आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. मारुती सुझुकी अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-१० आणि फोक्सवॅगन पोलो या त्या गाड्या. आदल्या वर्षी देशात विकल्या गेलेल्या एकूण गाड्यांपैकी सुमारे एक पंचमांश गाड्या याच पाच प्रकारांच्या होत्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारा मिळाला. अल्टो, नॅनो आणि आय-१० यांचा सांगाडाच इतका कमकुवत ठरला की नुसत्या एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग झाला नसता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मारुती स्विफ्ट आणि डॅटसन गो यांचीही तीच गत झाली.

आता ही यादी दुसऱ्या एका यादीशेजारी ठेवून पाहावी. देशातील प्रमुख वाहनपत्रकारांचे परीक्षक मंडळ २००६ पासून ‘इंडियन कार ऑफ द इयर’ हा पुरस्कार देत आले आहे. २००८ चा पुरस्कार ह्युंदाई आय-१० ला, २०१० चा टाटा नॅनोला, २०११ चा फोर्ड फिगोला आणि २०१२ चा मारुती स्विफ्टला. देशातील सर्वांत जाणकार मंडळींनी ज्या चार गाड्या वर्षातील सर्वोत्तम ठरवल्या, त्या चारही गाड्यांच्या प्राथमिक आवृत्त्या अपघात-चाचणीत शून्यावर बाद झाल्या.

यात कोणी लाच खाल्ली असे म्हणण्याचे कारण नाही. नॅनोच्या कल्पकतेला आणि किमतीला दाद देणे योग्यच होते. स्विफ्ट चालवायला आनंददायी होती हेही खरे. परीक्षकांनी जे पाहिले ते बहुधा प्रामाणिकपणे सांगितले. पण त्यांच्या हाती सुकाणू होते, आदळण्याचा अडथळा नव्हता. गाडीचा सांगाडा कोणत्या वेगाला दुमडतो, हे कितीही निष्णात चालकाला ती चालवून कळत नाही. न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचे तर पहिलीच अट पूर्ण झाली नव्हती. वस्तू यथार्थ जाणलेली नव्हती. आणि तरीही ‘सर्वोत्तम’ हा शब्द उच्चारला गेला. आपण काय तपासले आणि काय तपासलेले नाही, हे सांगण्याची जबाबदारी पाळली गेली नाही. सामान्य माणसाने मात्र ‘सर्वोत्तम’ याचा अर्थ ‘बायकामुलांना घेऊन महामार्गावर जाण्यास योग्य’ असाच घेतला असणार.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६० हून अधिक. त्यांत दुचाकीस्वार सर्वाधिक होते हे खरे, पण मोटारीतून प्रवास करणारेही हजारोंनी होते. हा आकडा समोर असताना गाडीच्या परीक्षणातील डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकविषयीची चर्चा कितीशी महत्त्वाची मानायची, याचा विचार व्हायला हवा.

तज्ज्ञ परदेशातही चुकतात

हे भारतातच घडते, असे समजून न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. शिस्तीसाठी नावाजलेल्या जर्मनीत ‘आडाक’ हा मोटारमालकांचा संघ आहे. २०१४ मध्ये त्याची सभासदसंख्या एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक होती. त्या जानेवारीत उघडकीस आले की जर्मनांच्या सर्वांत लाडक्या गाडीसाठी दिल्या जाणाऱ्या त्यांच्या पुरस्कारात मतांचे आकडे फुगवले गेले होते. फोक्सवॅगन गोल्फला ३४,२९९ मते मिळाल्याचे जाहीर झाले होते, प्रत्यक्षात ती ३,४०९ होती. संघाच्या प्रसिद्धिप्रमुखाला पायउतार व्हावे लागले आणि पाठोपाठ अध्यक्षांनाही.

अमेरिकेतील उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील एका नियतकालिकाने फोक्सवॅगन जेट्टाच्या डिझेल आवृत्तीला २००९ ची आणि ऑडी ए-३ च्या डिझेल आवृत्तीला २०१० ची ‘पर्यावरणस्नेही मोटार’ म्हणून गौरवले. सप्टेंबर २०१५ मध्ये कळले की या गाड्यांत चाचणी ओळखणारी आज्ञावली दडवलेली होती. प्रयोगशाळेत गाडी स्वच्छ धूर सोडे आणि रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट प्रदूषण करी. पुरस्कार रद्द झाले. हे बिंग फोडण्याची सुरुवात पश्चिम व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांच्या मोजणीने झाली होती. त्यांनी मोजयंत्र गाडीवर चढवून ती खऱ्या रस्त्यावर चालवली होती.

भारतानेही असा अनुभव घेतला आहे. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सला १ लाख १४ हजार टवेरा गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या. तपासणीसाठी मुद्दाम कमी धूर सोडणारी निवडक इंजिने पुढे केली जात असल्याचे उघड झाले होते. जी कंपनी सरकारी तपासनिसापुढे निवडक इंजिन ठेवू शकते, ती पत्रकारापुढे सर्वसाधारण गाडीच ठेवील, असे मानून चालणे भोळेपणाचे ठरते. निष्कर्ष एकच निघतो. विकणाऱ्याने हाती दिलेला नमुना तपासून दिलेला निवाडा हा तितकाच विश्वासार्ह, जितका तो नमुना देणारा.

स्वदेशीला सूट नको, स्वदेशीला संधी हवी

ग्लोबल एनकॅपचे निष्कर्ष आले तेव्हा उद्योगक्षेत्रातून आक्षेप घेतले गेले. भारतातील गाड्या संथ चालतात, परदेशी निकष येथे लावू नयेत, गाडी महाग झाली तर गरीब माणूस दुचाकीवरच राहील, असे युक्तिवाद झाले. त्यातील शेवटचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. परंतु युरोपीय ग्राहकाला एअरबॅगसह विकली जाणारी गाडी भारतीय ग्राहकाला त्यावाचून विकायची आणि त्याला त्याची दया म्हणायचे, यात भारतीयाच्या जिवाची किंमत कमी धरलेली असते. स्वाभिमानी समाजाने हा हिशेब मान्य करता कामा नये. एका परदेशी संस्थेने येऊन हे दाखवून द्यावे लागले, हीच खरी लाजिरवाणी बाब होती.

पुढे जे घडले ते उत्साहवर्धक आहे. फोक्सवॅगनने एअरबॅगविना पोलो विकणे बंद केले. सरकारने नव्या प्रकारच्या गाड्यांसाठी ऑक्टोबर २०१७ पासून अपघात-चाचणी सक्तीची केली, जुलै २०१९ पासून चालकासाठी आणि २०२१ अखेर शेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग अनिवार्य झाली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने त्याच ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवले. असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. २०२० च्या जानेवारीत टाटा अल्ट्रोझ आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३०० यांनीही पाच तारे पटकावले. ज्या टाटांची नॅनो २०१४ मध्ये आणि ज्या महिंद्रांची स्कॉर्पिओ २०१६ मध्ये शून्यावर राहिली होती, त्याच कंपन्यांनी हे करून दाखवले. स्वदेशी उद्योगाला स्तुतिपाठकांनी मोठे केले नाही. उघड्या, निष्पक्ष परीक्षेने मोठे केले. स्वदेशी म्हणून दोषांवर पांघरूण घालणारा हा स्वदेशीचा मित्र नव्हे, हा धडा त्यातून घ्यायचा.

२२ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते ‘भारत एनकॅप’चा प्रारंभ झाला आणि १ ऑक्टोबरपासून देशाची स्वतःची तारांकन व्यवस्था अमलात आली. राष्ट्राने आपल्या नागरिकांच्या सुरक्षेचे मोजमाप आपल्या हाती घेतले, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र ही व्यवस्था ऐच्छिक म्हणून सुरू झाली. जी कंपनी गाडी चाचणीसाठी पुढे करीत नाही, तिच्या गाडीविषयी ग्राहक अंधारातच राहतो. परीक्षा द्यायची की नाही हे विद्यार्थ्यानेच ठरवायचे, ही सवलत फार काळ चालू ठेवणे योग्य नाही.

राज्याने बाजारावर लक्ष ठेवण्याची कल्पना या भूमीला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पण्याध्यक्ष आणि पौतवाध्यक्ष यांची कर्तव्ये सांगितली आहेत आणि व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेचे रक्षण हा स्वतंत्र विषय मानला आहे. वजनमाप खरे आहे की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडायचे नाही, हे त्यामागचे सूत्र. आधुनिक काळात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हेच सूत्र जाहिरातीला लावले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली, तीही उत्पादकाबरोबरच शिफारस करणाऱ्यालाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शिका काढली. पैसे, भेटवस्तू, सहल, हॉटेल अशा कोणत्याही लाभाच्या बदल्यात शिफारस केली असेल, तर तसे ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगावे, असे तीत म्हटले आहे. आर्थिक वार्ताहरांनी प्रायोजित दौऱ्यावर आधारित मजकुरात तसा उल्लेख करावा, ही अपेक्षा प्रेस कौन्सिलनेही पूर्वीच व्यक्त केली आहे. मोटार-परीक्षणांत या नियमांचे पालन कितपत होते, हे वाचकाने स्वतः पाहावे. ‘कंपनीच्या निमंत्रणावरून’ ही छोटी ओळ शेवटी बारीक अक्षरांत असते, आणि कित्येकदा तीही नसते.

ग्राहकशक्तीचा मार्ग

मग सामान्य ग्राहकाने परीक्षणे वाचूच नयेत काय? तसे नाही. बैठक आरामशीर आहे का, मागच्या आसनावर तिघे मावतात का, घाटात इंजिन दमते का, ब्रेक वेळेवर लागतात का, या गोष्टी निष्णात चालकाला एका दिवसात कळतात आणि त्याविषयी त्याचा शब्द ऐकण्याजोगा असतो. दोन परीक्षकांचे एकाच उणिवेवर एकमत झाले, तर ती उणीव खरी समजावी. स्तुतीपेक्षा दोषाचे सौम्य वाक्य अधिक बारकाईने वाचावे. टिकाऊपणा, खरा खर्च आणि सुरक्षितता यांसाठी मात्र दुसरीकडे विचारावे. जी आवृत्ती घ्यायची तिचेच तारांकन पाहावे. त्या गाडीला तीन वर्षे वापरलेला मालक आणि तिची दुरुस्ती करणारा स्वतंत्र मेकॅनिक गाठावा. बाजारात नुकतीच आलेली गाडी पहिल्याच मुहूर्तावर घेण्याचा मोह टाळावा. ३० डिसेंबर १९९८ रोजी आलेल्या टाटा इंडिकाच्या पहिल्या ग्राहकांना अनेक त्रुटींना तोंड द्यावे लागले, त्या दूर करून २००१ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने मात्र लोकांचा विश्वास मिळवला.

परंतु प्रत्येक कुटुंबाने एकट्याने शहाणे व्हावे, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. एकेकटा ग्राहक दुबळाच असतो. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ या नावाने स्थापन झालेली संस्था आपल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एकही जाहिरात घेत नाही. ती सामान्य ग्राहकाप्रमाणे, ओळख न देता विक्रेत्याकडून रोख पैसे मोजून गाड्या विकत घेते, महिनोन्‌महिने चालवते आणि सभासदांकडून त्यांच्या गाड्यांच्या बिघाडांची माहिती दरवर्षी गोळा करते. १९८८ मध्ये सुझुकीची सामुराई ही गाडी उलटण्याचा धोका असल्याचे तिने जाहीर केले. कंपनीने १९९६ मध्ये खटला भरला, तो २००४ मध्ये तडजोडीने मिटेपर्यंत संस्था ठाम राहिली. जाहिरातदाराच्या पैशावर जगणाऱ्याला इतका काळ ताठ कण्याने उभे राहता आले असते काय?

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. शोषणमुक्त समाजासाठी ग्राहकाने संघटित व्हावे, हे त्यांचे सूत्र होते. मुंबई ग्राहक पंचायतीने सभासद कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदीचा प्रयोग यशस्वी करून दाखवला. डाळ-तांदूळ, तेल-साबण यांच्या बाबतीत जे साधले, ते मोटारीच्या बाबतीत का साधू नये? हिशेब साधा आहे. दहा हजार कुटुंबांनी प्रत्येकी शंभर रुपये दिले, तर दहा लाखांची एक गाडी विकत घेता येते. वर्षभर ती पुणे-कोल्हापूर रस्त्यावर, कोकणातील पावसात, विदर्भातील उन्हात चालवावी, खऱ्या मायलेजची आणि दुरुस्तीच्या खर्चाची नोंद ठेवावी, अहवाल सभासदांना द्यावा आणि गाडी विकून टाकावी. खर्च पडतो तो फक्त घसाऱ्याचा, इंधनाचा आणि देखभालीचा. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी, निवृत्त अभियंते, परिवहन महामंडळात आयुष्य घालवलेले यंत्रज्ञ अशा कामासाठी आनंदाने वेळ देतील. सभासदांकडील जुन्या गाड्यांच्या बिघाडांची पद्धतशीर नोंद तर जवळजवळ फुकटच होऊ शकते.

अशा नोंदीला आता कायद्याचेही बळ आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार ठरावीक संख्येने मालकांनी एकाच दोषाची तक्रार नोंदवल्यास सरकार सदोष गाड्या माघारी घेण्याचा आदेश कंपनीला देऊ शकते. कायदा दाराशी उभा आहे, त्याला आत बोलावण्यासाठी लागणारी संघटित नोंद मात्र समाजाने करायची आहे. तक्रार करण्याऐवजी नशिबाला दोष देऊन गाडी विकून मोकळे होण्याची सवय सोडावी लागेल. सदोष गाडी गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा ग्राहकही अखेर त्याच अप्रामाणिक बाजाराचा भाग बनतो, हेही विसरून चालणार नाही.

व्यावसायिक परीक्षकावर सामान्य ग्राहकाने विश्वास ठेवावा काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच असे द्यावे लागते : जेवढे त्याने स्वतः तपासले तेवढ्यापुरता ठेवावा, आणि काय तपासले नाही हे तो सांगत नसेल तर तेवढाही नाही. आप्ताच्या दोन्ही अटी पूर्ण करणारा साक्षीदार बाजार निर्माण करीत नाही, कारण बाजाराला त्याची गरज नसते. ती गरज समाजाची आहे. तेव्हा असा आप्त समाजानेच, आपल्या पैशाने आणि आपल्या परिश्रमाने उभा करायचा आहे.